पुलाचा धनी : वॉल्डर फ्रे याच्या राजकारणाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतील एकाच पात्राविषयी आहेत, म्हणून या वेळची सर्व जागा त्यालाच दिली आहे. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथेचा आवश्यक तेवढा भाग आधी सांगतो. 2011 ते 2019 या काळात आठ पर्वांत दाखवली गेलेली ही मालिका वेस्टेरॉस नावाच्या काल्पनिक खंडातील सरदार घराण्यांच्या सत्तासंघर्षाची कथा आहे. त्यातील वॉल्डर फ्रे हा नव्वदीच्या घरातला कुलप्रमुख असून नदीच्या दोन काठांवरचे दोन जुळे किल्ले आणि त्यांना जोडणारा पूल त्याच्या घराण्याच्या ताब्यात आहे. नात्याने तो रिव्हररनच्या टली घराण्याचा मांडलिक. उत्तरेचा तरुण राजा रॉब स्टार्क याला तो आधी वाट देतो, सोयरीक ठरवतो, आणि रॉबने ती सोयरीक मोडल्यावर शत्रूशी आतून संधान बांधून, लग्नाला बोलावलेल्या रॉबला, त्याच्या आईला, गर्भवती पत्नीला आणि सोबतच्या सैन्याला जेवणाच्या रात्रीच कापून काढतो.

प्रश्न : वचन आधी रॉबने मोडले. वॉल्डरने सैन्य दिले, माणसे दिली आणि पदरी अपमान घेतला. असे असताना सगळा दोष म्हाताऱ्याच्याच माथी मारणे न्यायाचे आहे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आपला मुद्दा रास्त आहे आणि तो बाजूला सारून वॉल्डरविषयी काहीच बोलता येणार नाही. पहिल्या पर्वातला करार स्पष्ट होता. पूल राखण्यासाठी चारशे माणसे मागे ठेवून वॉल्डरने आपले बाकीचे सैन्य रॉबला द्यायचे आणि रॉबच्या सैन्याला पलीकडे जाऊ द्यायचे. मोबदल्यात रॉबने वॉल्डरच्या एका मुलाला आपल्या पदरी ठेवून घ्यायचे, धाकटी बहीण आर्या वयात आल्यावर तिचे लग्न फ्रे घराण्यातल्या मुलाशी लावून द्यायचे, आणि युद्ध संपल्यावर स्वतः वॉल्डरच्या एका मुलीशी लग्न करायचे. वॉल्डरने आपल्या बाजूचे सगळे दिले. रॉबने मात्र दुसऱ्या पर्वाच्या शेवटी टलिसा नावाच्या परदेशी तरुणीशी लग्न केले. ज्या समाजात सोयरीक हाच दोन घराण्यांमधला करारनामा असतो तिथे ठरलेले लग्न मोडणे म्हणजे चारचौघांत तोंडघशी पाडणेच, आणि त्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क वॉल्डरला निःसंशय होता.

पण पुढे काय घडले ते क्रमाने पाहावे. तिसऱ्या पर्वात आपल्याच एका सरदाराला देहदंड दिल्यामुळे त्याची सारी फौज रॉबला सोडून जाते आणि त्याला पुन्हा फ्रे सैन्याची गरज पडते. तेव्हा वॉल्डरचे दोन मुलगे निरोप घेऊन येतात : रॉबने रीतसर क्षमा मागावी, हॅरनहालचा किल्ला व त्याखालची जमीन द्यावी, आणि रॉबचा मामा एडम्युर टली याने वॉल्डरची मुलगी रोझलिन हिच्याशी लग्न करावे. नाखुशीने का होईना, रॉबच्या बाजूने हे सारे मान्य केले जाते, आणि रॉब भर दालनात क्षमा मागतोही. एडम्युर हा रिव्हररनचा नवा धनी आहे, म्हणजे ज्या घराण्यापुढे वॉल्डरला आयुष्यभर मान तुकवावी लागली त्याच घराण्याच्या गादीवर उद्या त्याचा नातू बसणार आहे. एका मोडलेल्या सोयरिकीची यापेक्षा मोठी भरपाई त्या राज्यात कोणाला मिळाली असती असे मला वाटत नाही.

म्हणजे त्या रात्री दालनाचे दरवाजे बंद झाले तेव्हा अपमानाचा हिशेब पुरा झालेला होता. फिटलेला नव्हता तो दुसराच हिशेब. रॉब आता हरणार, त्याचे घर जळाले आहे, राजधानीची लढाई जिंकल्यापासून रॉबचा मुख्य शत्रू टायविन लॅनिस्टर याचे पारडे जड झाले आहे, आणि हरणाऱ्याचा व्याही होण्यापेक्षा जिंकणाऱ्याचा चाकर होणे किफायतशीर आहे, असे वॉल्डरने केव्हाच ताडले होते. क्षमा आणि सोयरीक यांची बोलणी चालू असतानाच टायविनशी पत्रे चालू होती. अपमान खरा होता, पण वॉल्डरने त्याचा उपयोग केला तो केवळ सबब म्हणून. हीच माझी त्याच्यावरची मुख्य हरकत आहे. दुखावलेल्या माणसाला दुखणे मिटलेले हवे असते. वॉल्डरला ते जिवंत ठेवायचे होते, कारण त्यावर त्याला दोन्हीकडून वसुली करता येत होती.

त्याची ही सवय जुनी आहे. रॉबर्ट बॅरेथियनच्या बंडात ट्रायडंट नदीकाठची निर्णायक लढाई झाली तेव्हा वॉल्डर आपले सैन्य घेऊन पोहोचला तो लढाई संपल्यावर. त्यावरून त्याचा धनी होस्टर टली त्याला उशिरा येणारा सरदार म्हणून कायम हिणवत असे. वॉल्डर ही गोष्ट अपमान म्हणून मनात धरून बसला आहे, पण कोण जिंकते ते पाहूनच निघायचे हा त्याचा बेत होता, हे तो स्वतःही नाकारू शकणार नाही.

प्रश्न : टली किंवा स्टार्क यांच्या तुलनेत फ्रे घराणे काही फार मानाचे नाही. तरी एका राजाच्या सैन्याला तो दारात ताटकळत ठेवतो आणि राजाची आई त्याच्यापुढे विनवणी करते. एवढे बळ त्याच्यापाशी येते कुठून?
– एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : चिकोडीत राहणाऱ्याला हे उत्तर मालिकेपेक्षा पावसाळाच चांगले देऊ शकेल. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांना पूर येऊन आपल्या भागातले कमी उंचीचे पूल पाण्याखाली गेले की हाकेच्या अंतरावरच्या गावाला जायला केवढा वळसा पडतो, दूध, ऊस, दवाखाना, परीक्षा सगळे कसे अडते, हे आपण दर वर्षी पाहतो. एरवी ज्या पुलाकडे कोणी वळून बघत नाही, त्याची किंमत त्या आठवड्यात कळते. वॉल्डरचे सारे राजकारण अशा आठवड्यांवर चालते.

रॉबची अडचण अशी की टायविनचा मुलगा जेमी लॅनिस्टर याने रिव्हररनच्या किल्ल्याला वेढा घातलेला आहे, वेढा उठवायचा तर नदी ओलांडायला हवी, आणि दक्षिणेकडे उतरून दुसरी वाट धरावी तर तिकडे टायविनची फौज आहे. वॉल्डरला हे सगळे माहीत आहे, म्हणून तो काही करत नाही. तो फक्त दरवाजे बंद ठेवतो. दिवस वाया जाण्याची किंमत समोरचा मोजत असतो, आपण नव्हे, हे ज्याला समजले त्याला घाई करावी लागत नाही.

मग रॉबची आई कॅटलिन आत जाते, आणि तो प्रसंग पुन्हा एकदा मन लावून पाहावा असे मी सुचवीन. ती वॉल्डरच्या धन्याची मुलगी आहे आणि तिच्या वडिलांपुढे त्याने घेतलेली शपथ ती त्याला आठवून देते. तो शपथ नाकारत नाही. आपण काही शब्द उच्चारले होते खरे, पण आपण राजसिंहासनाचीही शपथ घेतली आहे, असे तो म्हणतो. त्याच्या कारभाराची किल्ली या एका उत्तरात आहे. शपथ एकच असेल तर ती पाळावी लागते किंवा मोडावी लागते, परंतु दोन असल्या की दोन्ही शिल्लक ठेवून हवी तेव्हा हवी ती पुढे करता येते. भोवती मुलगे, नातू, सुना, कोवळ्या वयाची बायको उभी असताना तो पोरांवर खेकसतो, पाहुणीला टोमणे मारतो आणि मुद्द्यावर येतच नाही. कॅटलिनने दिलेली सवलत पहिलीच असावी असे तिला वाटू देत नाही, आणि शेवटची आहे असेही मान्य करत नाही.

या बळाची एक मर्यादा मात्र वॉल्डरला सतत छळत असणार. वाट अडवणाऱ्याची किंमत सैन्य अलीकडे असेपर्यंतच असते. शेवटचा स्वार पलीकडे गेला की त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणूनच तो सोन्यानाण्याची जकात न मागता लग्ने मागतो. लग्न म्हणजे पुढच्या पिढीवर लिहून घेतलेले कर्जखत. रॉबने ते फाडून टाकल्यावर वॉल्डरला जो संताप आला तो बापाचा कमी आणि सावकाराचा अधिक होता.

प्रश्न : मी एक निवृत्त शिक्षिका आहे. या कथेत मुलींना कोणी विचारतच नाही, याचा मला फार त्रास झाला. लेखकाला हे दाखवायचेच होते की त्या काळाचे चित्रण म्हणून ते सहज आले आहे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : बाई, ते जाणूनबुजून दाखवले आहे याविषयी मला शंका नाही, आणि वॉल्डरविषयीचा अंतिम निर्णय मी तरी याच बाबीवरून करतो.

रॉब क्षमा मागायला येतो तेव्हा वॉल्डर आपल्या मुली आणि नाती एका ओळीत उभ्या करतो. वरवर पाहता हा त्यांचा मान आहे, कारण राजाने त्यांच्याशी बोलून क्षमा मागायची आहे. प्रत्यक्षात त्या मुली तिथे मांडून ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या एकीलाही रॉबशी लग्न करायचे होते का, तो नाही म्हणाला याचे तिला दुःख झाले का सुटल्यासारखे वाटले, हे बापाने कधी विचारलेले नाही. ज्यांच्या अपमानाच्या नावाने तो पुढे शेकडो माणसे मारणार आहे त्या या मुली, आणि त्यांच्यासमोरच तो रॉबच्या पत्नीविषयी असभ्य शेरे मारून त्यांचा आणखी अपमान करतो. त्या खाली मान घालून उभ्या राहतात.

रोझलिन त्या ओळीत नसते. ती दिसते ती नंतर, लग्नाच्या वेळी, चेहऱ्यावर आच्छादन घेऊन. एडम्युरला कशीतरी मुलगी गळ्यात मारली जाणार अशी भीती असते आणि आच्छादन दूर झाल्यावर ती देखणी निघते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची सुटका आपल्यालाही हसवते. पुढे काय होणार हे कळल्यावर तेच दृश्य अंगावर येते. बापाने आपली सर्वांत सुंदर लेक राखून ठेवली होती ती सापळ्यात लावण्यासाठी.

आणि शेवटी त्याची बायको. कत्तल चालू असताना जखमी कॅटलिन वॉल्डरच्या तरुण बायकोला टेबलाखालून ओढून तिच्या गळ्याला सुरी लावते आणि रॉबला जिवंत जाऊ दे अशी याचना करते. कॅटलिन असे समजून चालते की कुलप्रमुखाला आपल्या घरातले माणूस प्रिय असणारच. वॉल्डर तिच्याकडे पाहतो आणि आपल्याला दुसरी मिळेल एवढेच सांगतो. त्या मुलीला पूर्ण मालिकेत जवळजवळ एकही वाक्य नाही. मला त्या रात्रीतले सर्वांत भयंकर काही वाटले असेल तर ते रॉबच्या छातीतला खंजीर नव्हे, ते हे वाक्य ऐकतानाचा त्या मुलीचा चेहरा. घराण्याच्या नावाने एवढे सारे करणाऱ्या माणसाच्या हिशेबात घरातले माणूस कुठेच नव्हते.

प्रश्न : पाहुण्याला जेवायला बोलावून मारणे इतके नीच कृत्य प्रत्यक्ष इतिहासात कधी घडले आहे का?
– एक वाचक, हल्याळ

उत्तर : होय. मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीच स्कॉटलंडच्या इतिहासातील दोन घटनांचा उल्लेख केला आहे. 1440 मध्ये एडिंबरोच्या किल्ल्यात डग्लस घराण्याचा तरुण प्रमुख आणि त्याचा धाकटा भाऊ यांना बालराजाच्या पंगतीला बोलावून नंतर त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. 1692 च्या फेब्रुवारीत ग्लेन्को येथे मॅकडोनल्ड कुळाने ज्या सैनिकांना आपल्या घरांत उतरवून घेतले होते त्यांनीच पहाटे उठून यजमानांना ठार केले. मालिकेत पाहुण्यांना आधी भाकरी आणि मीठ दिले जाते. ते एकदा खाल्ले की यजमानाने पाहुण्याला आणि पाहुण्याने यजमानाला इजा करायची नाही, असा तिथला सर्वांत जुना धर्म आहे. अन्नाला जागणे हे आपल्याकडे ज्या पोटतिडकीने सांगितले जाते, तीच भावना तिथे आहे.

प्रश्न : आपल्या बेळगाव भागाच्या इतिहासात वॉल्डरसारखा, सगळ्यांना झुलवत ठेवणारा सरदार कोण म्हणता येईल?
– एक प्राध्यापक, बेळगाव

उत्तर : आपल्या मनात असदखान लारी असावा असा माझा अंदाज आहे, कारण माझ्याही मनात पहिल्यांदा त्याचेच नाव आले. किल्ल्यातल्या साफा मशिदीशी ज्याचे नाव जोडले जाते तो हा आदिलशाही सरदार. इस्माईल आदिलशहा 1534 मध्ये वारल्यावर विजापूरच्या गादीवर आधी मल्लू आणि काही महिन्यांतच त्याला दूर सारून इब्राहिम आला, आणि पुढची काही वर्षे बेळगावचा हा सरदार कोणत्या बाजूला आहे याची चिंता सर्वांनाच लागून राहिली. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा चालून आला तेव्हा असदखान त्याला जाऊन मिळाला आणि पुढे पुन्हा इब्राहिमकडे परतला. गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला असलेल्या आदिलशाही घराण्यातील मिआल याला गादीवर बसवण्याच्या खटपटीतही त्याचे नाव घेतले जाते. विजापूर, अहमदनगर, विजयनगर आणि गोवा यांच्या मधोमध बेळगावचा किल्ला असल्याने त्याला डावलून कोणालाच पुढे जाता येत नव्हते, आणि या अर्थी वॉल्डरच्या पुलाची आठवण होणे साहजिक आहे.

तरीही मी त्याला वॉल्डरच्या पंगतीला बसवायला तयार नाही. दख्खनच्या सुलतानांचा इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्ताच्या लेखी असदखान मूळचा निष्ठावान असून दरबारातल्या वैऱ्यांनी राजाचे कान फुंकल्यामुळे त्याच्यावर संशय आला आणि निजामशहाच्या छावणीत जाणे त्याला भाग पडले. पोर्तुगीज लेखकांच्या लेखी तो कपटी आणि दगाबाज आहे. दोघांनाही आपापले हितसंबंध होते. 1549 मध्ये तो मरेपर्यंत बेळगाव त्याच्याच हाती राहिले, आणि त्याच्या मनात काय होते हे आज कोणालाही शपथेवर सांगता येणार नाही. वॉल्डरच्या बाबतीत आपल्याला बंद दालनात बसून सगळे ऐकायला मिळते. खऱ्या माणसांविषयी ती सोय नसते, म्हणून त्यांना खलनायक ठरवताना हात आखडता घ्यावा. आपल्या पत्राच्या शेवटी आपण आजच्या काही स्थानिक नेत्यांची आणि सोसायटीच्या निवडणुकीतल्या पॅनेलची जी तुलना केली आहे तिलाही मी याच कारणासाठी हात लावत नाही.

प्रश्न : नीतीचा भाग सोडून द्या. निव्वळ राजकारण म्हणून पाहिले तर वॉल्डर यशस्वीच झाला ना? रिव्हररन त्याला मिळाले, शत्रू संपला आणि तो अंथरुणात नाही तरी म्हातारपणीच मेला.
– एक वाचक, कारवार

उत्तर : नीती बाजूला ठेवली तरी उत्तर नाही असेच येते, आणि मालिकेच्या सहाव्या पर्वात ते फार नेमकेपणाने दाखवले आहे. वॉल्डरला रिव्हररन मिळते पण राखता येत नाही. कॅटलिनचा काका ब्रिंडन टली किल्ला परत घेतो, आणि फ्रे सरदार वेढा घालून बसतात. त्यांच्याकडे एडम्युर कैदेत आहे. ते त्याला तटासमोर आणतात, गळ्यात फास अडकवतात आणि किल्ला दिला नाही तर याला फाशी देऊ अशी धमकी देतात. तटावरचा म्हातारा खुशाल द्या म्हणतो आणि आत निघून जातो, आणि फ्रे मंडळी एडम्युरला मुकाट्याने परत नेतात. धमकी देणाऱ्याचा शब्द खरा मानायला कोणी तयार नाही आणि अभय देणाऱ्याचाही नाही. लग्नाच्या रात्री वॉल्डरने राजाला मारले खरे, पण त्याच वेळी आपल्या घराण्याच्या शब्दाची बाजारातली किंमतही शून्यावर आणली. यापुढे फ्रे म्हणतात म्हणून कोणी शरण येणार नाही, त्यांच्या पंगतीला बसणार नाही आणि त्यांच्याशी सोयरीकही करणार नाही. ज्या घराण्याचे सगळे भांडवल वाटाघाटी हेच होते, त्याच्याशी वाटाघाट करायलाच कोणी उरला नाही.

अखेर जेमी लॅनिस्टरला फौज घेऊन यावे लागते आणि तो किल्ला मिळवून देतो. त्यानंतरच्या मेजवानीत वॉल्डर त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू पाहतो. तेव्हा जेमी त्याला विचारतो की तुम्ही हा प्रदेश गमवायचा आणि दर वेळी आम्ही येऊन तो परत मिळवून द्यायचा असेल, तर आम्हाला तुमची गरज काय. वॉल्डरला यावर उत्तर सुचत नाही. आयुष्यभर त्याने इतरांना आपली गरज भासवली होती आणि आता तो अशा धन्याच्या पदरी होता ज्याला त्याची गरज उरली नव्हती. त्याच भागात आर्या त्याला मारते आणि सातव्या पर्वाच्या आरंभी त्याचाच चेहरा धारण करून त्याच्या घराण्यातील पुरुषांना विषाचा प्याला पाजते. हा शेवट कथेचा न्याय म्हणून समाधान देतो, पण राजकारणी वॉल्डर संपला तो जेमीच्या प्रश्नापाशीच.

आपण कादंबऱ्या वाचणार असल्याचे पत्रात लिहिले आहे, म्हणून एक सूचना. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या खंडापर्यंत वॉल्डर जिवंत आहे आणि आर्याचा तो सूड घडलेला नाही. त्याऐवजी तिथे भाऊबंदकी आहे. आठ लग्ने आणि दोन डझनांहून अधिक मुले झालेला हा म्हातारा अजून श्वास घेत असतानाच त्याचे मुलगे, नातू आणि पणतू गादीच्या वाटेवर आपल्या पुढे कोण आहे आणि तो केव्हा मरेल याचे हिशेब मांडत बसलेले असतात, आणि थोरला मुलगा युद्धात गेल्यावर वारस ठरलेला नातू रानातल्या बंडखोरांच्या हाती लागून फासावर जातो, तेव्हा त्याच्या सख्ख्या मुलाला बापाच्या मरणामागे आपल्याच भावाचा हात असावा असा संशय येतो.